हातचा एक

बालमित्रांनो, ४७ अधिक ३८ तोंडी करा पाहू! सात नि आठ पंधरा, हातचा एक. हा हातचा क्षणभर जिथं धरला, ती मेंदूतली छोटीशी पाटी. कपाळामागचा भाग ती सांभाळतो. पाटीवर दुसरं काही आलं, की हातचा पुसलाच!

साताऱ्याहून सांगलीला निघताना 'कुलूप लागलं ना?' असं सगळ्यांनाच वाटतं. एकदा ओढून बघतो नि एस.टी. गाठतो. पण कुणाकुणाला दहादा ओढूनही खात्री पटत नाही. हा मंत्रचळ. पाटी शंकेनंच भरली, तर गणिताला जागा कुठली?

मग अजून तपासावं? २००३ साली नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात निरोगी विद्यार्थ्यांना संगणकावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. त्यांची आठवण बरोबरच निघाली, तिच्यावरचा भरवसा मात्र घटला!

माझ्या वर्गातला एकजण पहिलंच गणित तपासत बसायचा, बाकी पेपर कोरा. मी रागवायचे. चुकलंच माझं. असं वागणं नेहमीच हट्ट नसतो. कधी तो आजार असतो आणि उपचारांनी आटोक्यात येतो. तेव्हा मुलांनो, कुणाला हसू नका. पालकहो, डॉक्टरांना भेटा. 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे.