गोळी कोणती?

आमच्या गुंजीत भाताला लोंब्या आल्या की रात्री माळ्यावर राखणीला बसावे लागते. गवे, डुकरे येतात, सांबरेही येतात. गेल्या सुगीत काका म्हणाले, "ठासणीच्या बंदुकीतले छर्रे सांबराला पुरत नाहीत. रायफल पाहिजे, आणि गोळीही बेताची!"

मी वाचून पाहिले. शिकारी लोक हरणासाठी मऊ टोकाची, आत शिरताच पसरणारी गोळी निवडतात. पूर्ण कवचाची गोळी आरपार निघून जाते आणि जखमी जनावर रानात तडफडत मरते. म्हणजे पसरणारी गोळी दयेची! पण कलकत्त्याजवळच्या डमडमची अशीच गोळी माणसांसाठी क्रूर ठरली व १८९९ साली हेग येथे तिच्यावर युद्धात बंदी आली. दयेचा हिशेब असा सावज बघून बदलतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरिण मारणे गुन्हा आहे. पीकरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. तेव्हा गोळी कोणती, हा प्रश्नच चुकीचा, असे मी काकांना सांगितले. काका उसळले, "मग भात तू भरून देणार?"

यावर मी गप्प झालो. पीकनुकसानीची भरपाई वनखाते देते. पण अर्ज कन्नडात लिहायचा म्हणून आमच्याकडचे कितीतरी जण तो करतच नाहीत. आपल्या कॉलेजात दोन्ही भाषा लिहिणारे थोडे का आहेत? सुट्टीत गावी गेल्यावर प्रत्येकाने शेजाऱ्यांचे अर्ज लिहून द्यावेत, असे मला वाटते. मी चार लिहिले. पाचवा काकांचा. त्यांनी सही केली. बंदूक मात्र खुंटीवर तशीच आहे.