देवघेव : निरंक

दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर माझ्याकडे टपालाने दोन जाड वस्तू येतात. एक म्हणजे या अंकाची भेटप्रत आणि दुसरी म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा वार्षिक अहवाल. पहिलीवर घरात उड्या पडतात. दुसरीला कोणी हात लावत नाही. तिचा कागद इतका गुळगुळीत असतो, की चकल्यांच्या डब्यात अंथरावा म्हटले तर तो तेलही शोषत नाही.

हा अहवाल मला येतो, कारण ग्रंथालयाच्या समितीवर संलग्न महाविद्यालयांतला एखादा अध्यापक असावा असा नियम आहे आणि तो माझ्यावर येऊन बसला आहे. ग्रंथालय म्हणण्याची चूक माझ्या तोंडून अजून होते. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानंतर आपल्याकडच्या विद्यापीठांत 'ज्ञानस्रोत केंद्रे' नांदू लागली आणि ग्रंथपालांचे संचालक झाले. झाले तर झाले. पुस्तकांना त्याचे सुखदुःख नसावे.

यंदाच्या अहवालाची तीन प्रकरणे होती : सेवा, जागा आणि सहकार्य. एरवी मी छायाचित्रे पाहून तो मिटते. यंदा मात्र अथपासून इतिपर्यंत वाचला. का वाचला, ते पुढे येईलच.

सेवांच्या प्रकरणात सांगण्यासारखे पुष्कळ होते, हे प्रामाणिकपणे कबूल करते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० मोठे प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, आणि ती वाचण्याची मुभा केंद्राच्या व राज्यांच्या ६,३०० संस्थांना. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडून हा सगळा कारभार चालतो. रसायनशास्त्राच्या एक बाई माझ्या शेजारी राहतात. त्यांना पूर्वी एकेका लेखासाठी परदेशातल्या लेखकाला पत्र धाडून विनवावे लागे. आता त्या रात्री जेवणे आटोपली, की घरबसल्या तोच लेख उघडतात. त्यांचा आनंद पाहून मलाही बरे वाटले. मराठीच्या अध्यापकाला त्या तेरा हजारांत आपले असे काही फारसे सापडत नाही, ही गोष्ट वेगळी. ज्याच्या ताटात पुरणपोळी पडली त्याच्याकडे पाहून आपल्याला भूक लागली तर तो त्याचा दोष नव्हे.

वाचकसंख्याही वाढलेली होती. मात्र तिच्याविषयी माझ्या मनात थोडी शंका आहे. दाराशी एक यंत्र बसवले आहे आणि आत शिरणारा प्रत्येक माणूस ते मोजते. एका दुपारी मी चहासाठी तीनदा बाहेर गेले आणि तीनदा परत आले. त्या दिवशी विद्यापीठाला माझ्या रूपाने चार वाचक लाभले. चारांपैकी एकानेही पुस्तक पुरे केले नाही.

जागांच्या प्रकरणात तळमजल्यावरच्या नव्या अभ्यासिकेचे छायाचित्र होते. ओळीने मांडलेली टेबले, प्रत्येकाला दिवा आणि विजेचा खटका. सकाळी सातला दार उघडते आणि साडेसहापासून बाहेर दप्तरांची रांग लागते. माणसे चहाला गेलेली असतात, दप्तरे उभी असतात. ही मुले स्पर्धा परीक्षांची. ग्रंथालयाचे एकही पुस्तक ती मागत नाहीत. स्वतःची 'गाइडे' घेऊन येतात, डबा आणतात आणि रात्री दहाला उठतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी नाक मुरडले होते. ग्रंथालयात येऊन ग्रंथाला शिवायचे नाही, हे कसले वाचन! मग एकदा एका मुलाला विचारले, "घरी का नाही बसत अभ्यासाला?" तो म्हणाला, "मॅडम, आमची एकच खोली आहे. बाबा रात्रपाळीचे. दिवसा ते झोपतात, तेव्हा पान उलटले तरी त्यांची झोप मोडते." त्यानंतर मी नाक सरळ केले.

प्रश्न एवढाच, की ही अभ्यासिका उभी राहिली ती कोणाच्या जागेवर?

त्या दालनात पूर्वी बांधीव मराठी नियतकालिकांची कपाटे होती. मासिके, साप्ताहिके आणि दिवाळी अंक, सगळे वर्षवार शिवलेले. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी माणसाने दिवाळीला फराळाबरोबर वाचायचे ठरवले. त्या परंपरेतले निदान पन्नास वर्षांचे अंक तिथे उभे होते. ते आता तळघरात गेले होते. तळघरात काय ठेवतात हे आपण जाणतोच. जे टाकवत नाही, पण टाकायचे आहे, ते.

ही गोष्ट मला कळली ती माझ्या एका विद्यार्थिनीमुळे. दिवाळी अंकांत लिहिणाऱ्या स्त्रियांवर ती पीएच.डी. करते आहे. जुलैत एके दिवशी ती घाबऱ्या घाबऱ्या आली आणि म्हणाली, "बाई, माझे अंक निर्लेखनाच्या यादीत आहेत." निर्लेखन हा आमच्या ग्रंथालयांचा शब्द आहे. फाटलेली, हरवलेली, जास्तीच्या प्रतींची पुस्तके दप्तरातून कमी करायची आणि रद्दीत घालायची, त्या विधीचे हे नाव. विधी आवश्यकच असतो. न काढता नुसते भरत गेले तर कोठलीही इमारत पुरायची नाही.

मी म्हटले, "दाखव बघू यादी." पाने बरीच होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रकाना होता : 'गेल्या दहा वर्षांतील देवघेव'. आणि त्याखाली खालपर्यंत एकच शब्द : निरंक, निरंक, निरंक. शेवटच्या पानावर समितीच्या सदस्यांच्या सह्या होत्या. तिसरी सही माझी होती.

आता हे लपवण्यात अर्थ नाही. एप्रिलमधल्या बैठकीत चहा आला, बटाटेवडे आले, मागाहून कागद आले आणि माझी पाच वाजून दहा मिनिटांची गाडी होती. "जुन्या अनुपयुक्त साहित्याची यादी आहे, नेहमीचीच," असे कोणीतरी म्हणाले. मी सही केली. वर्गात मुलांना मी सतत बजावत असते, की वाचल्याशिवाय मत देऊ नका.

त्या रात्री झोप नीट लागली नाही. पहाटे एकदम ध्यानात आले, की ही 'निरंक'ची गोम कोठे आहे. बांधीव अंक घरी देतच नाहीत! तो ग्रंथालयाचा नियमच आहे. अंक मागायचा, टेबलावर बसून वाचायचा आणि परत करायचा. संगणकात नोंद होते ती बाहेर जाणाऱ्या पुस्तकाची. म्हणजे रोज दहा माणसे एखादा अंक उघडून बसली, तरी दहा वर्षांनी त्याच्यापुढे निरंकच येणार. यंत्राला जे विचारले तेच त्याने सांगितले. विचारणाऱ्यांनी प्रश्न चुकीचा विचारला आणि मी त्याखाली सही ठोकली.

इथे मला रंगनाथनांची आठवण होते. शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळातले गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि तिथल्या शांततेला इतके कंटाळले, की परत शिकवायला जाऊ द्या म्हणू लागले. मग ते इंग्लंडला गेले, तिथली ग्रंथालये हिंडले आणि परतले ते दुसरेच होऊन. लंडनच्या एका दुकानात त्यांनी पट्ट्या आणि खिळे जोडून हवे ते बनवण्याचे खेळणे पाहिले आणि पुस्तकांचे वर्गीकरणही असेच जोडून करता येईल, हे त्यांना सुचले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हे तर कोणीही म्हणेल. रंगनाथन पुढे जाऊन उलट बाजूही मांडतात. पुस्तकालाही त्याचा वाचक मिळवून दिला पाहिजे, आणि ते काम ग्रंथालयाचे. गणिती असून हा माणूस केवळ आकड्यांवर विसंबला नाही. आमच्या यादीने मात्र वाचक आला नाही म्हणून पुस्तकालाच दोषी ठरवले.

पण समितीपुढे जायचे तर पुरावा हवा. तो मिळाला मामांकडे. मामा म्हणजे नियतकालिक विभागाचे परिचर. निवृत्तीला त्यांची दोन वर्षे उरली आहेत. मी तळघरात गेले तेव्हा ते एका कपाटाखालची ओल फडक्याने टिपत होते. मी विचारले, "मामा, इथले अंक कोणी मागत होते का हो?"

"बाई, चिठ्ठ्या आहेत की."

पूर्वी अंक मागताना वाचकाने चिठ्ठी भरून द्यायची पद्धत होती : नाव, अंक, वर्ष, दिनांक. संगणक आल्यावर पद्धत बंद झाली. पण ती बंद करा असे मामांना लेखी कोणी कळवले नव्हते, म्हणून त्यांनी ती चालू ठेवली. वर्षाच्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा, सुतळीने बांधलेला. ते दहा गठ्ठे त्यांनी माझ्यापुढे ठेवले. सरकारी कामात ढिलाईचे असेही काही फायदे असतात.

दोन शनिवार मी आणि माझी विद्यार्थिनी त्या चिठ्ठ्या वाचत बसलो. संशोधक होते, नाटकवाले होते, जुन्या जाहिराती गोळा करणारा एक चित्रकार होता. एका चिठ्ठीवरचे अक्षर मोठे आणि थरथरते होते. मामांना ती बाई आठवत होती. निवृत्त शिक्षिका, वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या आईने लग्नाआधी एक गोष्ट लिहिली होती आणि ती एका दिवाळी अंकात आली होती, एवढेच त्यांना ठाऊक होते. अंकाचे नाव नक्की नाही, वर्षही नाही. आईने पुढे कधी लिहिले नाही आणि घरात प्रतही राहिली नव्हती. बाई चार दिवस येऊन अंकामागून अंक चाळत होत्या. पाचव्या दिवशी गोष्ट सापडली, माहेरच्या नावाने छापलेली. मामा म्हणाले, "मी म्हटले त्यांना, मोबाईलवर फोटो काढून घ्या, हरकत नाही. तर नको म्हणाल्या. वही काढली आणि दिवसभर बसून उतरून घेतली."

तो अंक यादीत होता. त्याच्यापुढे निरंक होते.

ऑगस्टच्या बैठकीत मी चिठ्ठ्यांचे गठ्ठे नेले आणि आधी माझ्या सहीबद्दल क्षमा मागितली. संचालक तसे भले गृहस्थ आहेत. त्यांनी गठ्ठे पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचे म्हणणे पटते. पण अभ्यासिकेतली मुले मी कोठे उठवू?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. त्या रात्रपाळीच्या बाबांचा मुलगा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

मग सहकार्याचे प्रकरण निघाले. दुसऱ्या एका संस्थेशी करार करून अंकांच्या संगणकीय प्रती करायच्या आणि मूळ अंकांना रजा द्यायची, असा एक विचार होता. ऐकायला सोपे आहे. परंतु आपल्या कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो आणि एका दिवाळी अंकात तीस लेखक असतात. खांडेकर १९७६ साली गेले आणि फडके १९७८ साली. एकाच अंकात दोघांच्या कथा असल्या तर पहिली २०३७ च्या आरंभी मोकळी होणार, दुसरी २०३९ च्या. बाकीच्या अठ्ठावीस जणांत कोण केव्हा गेले, हे कोणी शोधायचे? २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी प्रत साठवण्याची मुभा दिली आहे, पण ग्रंथालयात मूळ अंक असेल तर. तोच रद्दीत घातल्यावर जतन कशाचे करणार? आणि हे अंक बव्हंशी हलक्या कागदावर छापलेले. असा कागद स्वतःच्या आम्लानेच पिवळा पडून तुटतो आणि मधल्या तारेचा गंज पानात उतरतो. हात लावायचा तर आत्ताच लावायला हवा.

दोन तास चर्चा झाली आणि वडे गार झाले. शेवटी ठरले ते असे : यादी तूर्त स्थगित. ज्या अंकांच्या प्रती महाराष्ट्रातल्या दुसऱ्या ग्रंथालयांत सुरक्षित असतील ते सोडायचे आणि बाकीचे ठेवायचे. त्यांची कपाटे अभ्यासिकेच्याच मागच्या भिंतीला लावायची, म्हणजे टेबल एकही कमी होणार नाही. कोणते अंक कोठे आहेत हे पाहून यादी करायची कोणी, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. शं. ग. दात्यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली. त्यांच्या मानाने माझ्या वाट्याला काय आले आहे!

निम्मी कपाटे झाली आहेत. माझी विद्यार्थिनी तोंडाला रुमाल बांधून अंकांची नावे वाचते, मी लिहिते आणि दोघी शिंकतो. मामा रोज आमच्याकडूनही चिठ्ठी भरून घेतात. पुढली बैठक सुट्टीनंतर आहे आणि सहा कपाटे उरली आहेत. तळघराची किल्ली मामांकडे असते आणि भाऊबीजेला ते गावी जाणार आहेत. तेव्हा लाडू वळून झाले, की पाडव्याआधी दोन दिवस काढायचे ठरवले आहे.