चिठ्ठीसोबत औषधही निघालं पाहिजे



दवाखान्यात ‘पेशंटला पुढे न्या’ म्हणाले की आपली माणसं दोनच गोष्टी बघतात. गाडी कुठली आणि भाडं किती. औषधाचं कोणी विचारत नाही. श्रीवर्धनहून म्हसळ्यामार्गे माणगाव, तिथं भागलं नाही तर अलिबाग, म्हणजे शंभरावर किलोमीटर. एवढ्या वाटेत रोग्याचं औषध बंद पडतं. आमचं म्हणणं याच्यावर आहे.

लाल विंचवाचंच बघा. पेंढा उचलताना, लाकडं गोळा करताना चावतो. घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, मग फुप्फुसात पाणी होऊन दम लागतो. आपल्याच जिल्ह्यात, महाडकडे, डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० नंतरच्या वर्षांत दाखवून दिलं की प्राझोसिनची स्वस्त गोळी वेळेत दिली तर बहुतेक रोगी वाचतात. पण ही गोळी एकदा देऊन भागत नाही. हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी द्यावी लागते, आणि रोग्याला आडवं ठेवावं लागतं, नाहीतर रक्तदाब एकदम उतरतो. म्हणजे नऊ वाजता पहिली दिली तर दुसरी बाराला. बारा वाजता रोगी गाडीत. गोळी कोणाकडे?

आमच्या वाडीतल्या एका पोराला असंच पुढे पाठवलं. चिठ्ठीवर एवढंच, ‘विंचूदंश, पुढील उपचारासाठी’. पुढच्या डॉक्टरनं विचारलं, काय दिलंय? बाप म्हणाला, पांढरी गोळी. पोरगं वाचलं ते नशिबानं. नशिबावर दवाखाना चालवायचा काय?

कोणी म्हणेल, रात्री एकटा डॉक्टर, तो तरी काय करील? खरं आहे. पण चार ओळी लिहायला आणि दोन गोळ्या पुडीत बांधायला किती वेळ लागतो?

आणि ही काही मेहरबानी नाही. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी दाखल करून घेतलं नाही. त्याच्या संघटनेनं, खेतमजूर समितीनं, खटला लढवला. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, वेळेवर उपचार न देणं म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग. पैसा नाही ही सबब चालणार नाही. ॲम्ब्युलन्समध्ये साधनं पाहिजेत, जाणकार माणूस पाहिजे.

म्हणून आपल्या मागण्या:

१) चिठ्ठीवर औषधाचं नाव, किती दिलं, किती वाजता दिलं आणि पुढचं कधी द्यायचं, हे लिहिलंच पाहिजे.
२) वाटेत लागणारं औषध रोग्यासोबत द्यावं, आणि ते देणारी नर्स किंवा कर्मचारी गाडीत असावा.
३) रोगी निघायच्या आधी पुढच्या दवाखान्याला फोन करावा. तिथं ते औषध आहे का, खाट आहे का, विचारावं.

दळीचा कागद नसला की बापजाद्यांनी कसलेली जमीनसुद्धा साहेबापुढं आपली ठरत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. दवाखान्याचा कागदही तसाच. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. पण गाडी हलायच्या आधी.

जिंदाबाद!