जॉब चेंज, राजूर स्टाइल

‘काय मामा, जॉब कसा चाललाय?’ हा प्रश्न राजूरला विचारायची सोय नाही. मामा सरळ लेथच्या चकमध्ये पकडलेल्या लोखंडी तुकड्याकडे बोट दाखवतात, ‘हा काय, चाललाय की!’ लेथवाल्यांच्या भाषेत जॉब म्हणजे तो तुकडा. आपण तीन वर्षांत तीन जॉब बदलले की घरचे टेन्शनमध्ये येतात. मामा दिवसाला वीस बदलतात.

जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागलात की राजूर येतं. गणपतीच्या साडेतीन पीठांतलं एक पूर्ण पीठ मानतात ते. अंगारकीला इथे पाय ठेवायला जागा नसते. पण अंगारकी काही रोज नसते आणि ट्रॉलीची पिन मात्र रोज कुणाची तरी तुटते. मग मामांचं वर्कशॉप. एक वेल्डिंग सेट, एक ड्रिल आणि बटाल्याहून आलेला साडेचार फुटी लेथ, वयाने माझ्यापेक्षा मोठा.

या वेळी गेले तर लेथला वायरी फुटलेल्या! मामेभाऊ वाळूजच्या एका कंपनीत सीएनसी ऑपरेटर होता. ती नोकरी सोडून तो घरी आलाय आणि याच म्हाताऱ्या लेथला त्याला सीएनसी करायचंय. कारण साधं आहे. मामांचा उजवा अंगठा आता दुखतो. एकसारखे पन्नास बुश करायचे म्हणजे दिवसभर तेच हँडल फिरवायचं. मोठी ऑर्डर आली की मामा हल्ली ‘बघू’ म्हणतात, आणि गिऱ्हाईक जालन्याला जातं.

फंडा तसा सोपा आहे. लेथवरचं टूल दोनच दिशांना सरकतं, जॉबच्या लांबीला आणि आत-बाहेर. दोन्ही हँडलांच्या जागी दोन स्टेपर मोटर लावायच्या. स्टेपर मोटर एका फेरीत २०० पावलं टाकते, मोजून. लेथच्या लांब लीड स्क्रूला इंचाला चार आटे, मध्ये पट्ट्याने एकास दोन रिडक्शन. म्हणजे एका पावलाला टूल सुमारे ०.०१६ मिलिमीटर सरकतं, केसाच्या जाडीचा जेमतेम चौथा भाग. आणि हे सगळं चालवणारा मेंदू कुठला? एका ऑफिसने भंगारात काढलेला डेस्कटॉप! त्याच्या मागचं २५ पिनांचं प्रिंटर पोर्ट, जे तुमच्या-माझ्या लॅपटॉपला नसतंच, ते इथे सोनं आहे. त्यावर लिनक्ससीएनसी हे फुकट सॉफ्टवेअर. त्याची सुरुवात अमेरिकन सरकारच्या मोजमाप-मानकांच्या संस्थेत, म्हणजे एनआयएसटीमध्ये झाली. (मशीनला आकड्यांनी चालवायचा पहिला जाहीर प्रयोग १९५२चा, एमआयटीतला. त्यामागची मूळ गरज होती हेलिकॉप्टरच्या पात्यांची. हेलिकॉप्टर ते रोटाव्हेटर, असा हा प्रवास.)

मग भांडण कशावरून? भावाला जुना लीड स्क्रू, हाफ नट आणि गिअर काढून टाकायचे होते. त्यांच्या जागी बॉलस्क्रू. काम एकदम अचूक, पण परतीचा रस्ता बंद. मामांची एकच अट, गिअर निघणार नाहीत. बापलेक आठवडाभर मामींमार्फत बोलत होते. ‘यांना सांग’, ‘त्याला म्हणावं’, असं. मला वाटलं, झालं, टिपिकल जुनी पिढी.

शेवटी मामांचंच झालं. मोटर जुन्याच लीड स्क्रूला पट्ट्याने जोडली, गिअर बाजूला करून खुंटीवर टांगले. आत-बाहेरच्या मोटरच्या मागच्या शाफ्टला मूळ हँडल तसंच ठेवलं. पहिला बुश काढला आणि माप चुकलं. दुसराही. जुन्या स्क्रूत झीज असते, दिशा बदलली की स्क्रू थोडा नुसताच फिरतो, टूल हलत नाही. वर्कशॉपमध्ये त्याला ‘प्ले’ म्हणतात. मामा खुर्चीवरून म्हणाले, ‘मागं जास्ती घे, मग पुढं ये. एकाच बाजूनं यायचं.’ मामांचं मनगट इतकी वर्षं हेच करत होतं, ते त्यांनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं कारण कुणी विचारलं नव्हतं. भावाने डायल लावून प्ले मोजला, प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कट एकाच दिशेने यायला लावला. सातवा बुश व्हर्निअरमध्ये बरोबर बसला. मामांनी तो उलटसुलट पाहिला आणि काहीच बोलले नाहीत. आमच्याकडे ही शाबासकी असते.

दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याचा शाफ्ट आला, आटे पाडायचे होते. भावाने तेही कॉम्प्युटरवर घेतलं. त्यासाठी जॉब नेमका किती फिरलाय ते सांगणारा एन्कोडर लावलाय. निम्मे आटे झाले आणि लाईट गेली. झालं! स्टेपरला स्वतःची जागा आठवत नाही, पावलं मोजणारा कॉम्प्युटरच बंद पडला की मोजणी गेली. लाईट आल्यावर पुन्हा शून्यापासून, आणि टूल जुन्या आट्यात बसवायचं म्हणजे अंदाजपंचे. गिअर असते तर? हाफ नट लागलेला ठेवायचा, चहा प्यायचा, लाईट आली की पुढे चालू. जॉब आणि टूल गिअरनेच एकमेकांना बांधलेले असतात. त्यांना कसलीही मेमरी लागत नाही.

तो शेतकरी पेरणी सोडून आला होता. मामांनी काही न बोलता पट्टा उतरवला, गिअर चढवले, नजरेने टूल आट्यात धरलं आणि शाफ्ट पुरा केला. टिपिकल जुनी पिढी वगैरे जे मी मनात म्हटलं होतं, ते तिथेच गिळलं.

पण भावाचं चुकलं, असंही मला वाटत नाही. मी निघाले त्या दिवशी चाळीस बुशांची ऑर्डर मशीनवर होती. मामा शेजारी बसून पेपर वाचत होते, अंगठ्याला मलम लावून. आता वाटणी ठरलीय. एकेरी दुरुस्ती आणि आटे मामांकडे, हँडलवर. एकसारखा माल प्रोग्रॅमवर. चहाच्या वेळी बापलेक थेट बोलतात, मामी सुटल्या.

भावाच्या ऑनलाइन कार्टमध्ये बॉलस्क्रू अजून पडून आहे, त्याने मला मोबाइलवर दाखवला. मामांना सांगू नका.