आमचा बाळू

आमच्या बाळूला येत्या मार्गशीर्षात तेरा वर्षं पुरी होतील. पिल्लू असताना ठेवलेलं नाव तसंच चिकटून राहिलं. वास्तविक आज आमच्या घरातली सर्वांत वडीलधारी मंडळी म्हणजे तोच. जात स्पिट्झ, वजन जेमतेम 6 किलो, रंग एके काळी पांढरा. अशा कुत्र्यांना आपल्याकडे सर्रास ‘पॉमेरियन’ म्हणतात. बाळूनं त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही. तक्रार करणं मुळी त्याच्या स्वभावातच नाही.

त्याची बैठक दाराच्या उंबरठ्यात. दूधवाला, इस्त्रीवाला, विद्यार्थी, पाहुणे, सारे त्याला ओलांडून आत येतात. पाहुणे निरोप घेऊन जिना उतरले, की मग तो एकदाच भुंकतो. आपण हजर होतो याची नोंद राहावी, एवढाच त्यातला हेतू! युधिष्ठिरामागून निघालेला कुत्रा पार स्वर्गाच्या दारापर्यंत चालत गेला, असं महाभारत सांगतं. आमचे हे धर्मराज कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापुढे पाऊल टाकत नाहीत. पेन्शनरानं अग्रलेखासकट वर्तमानपत्र वाचावं, तसा सावकाश त्या खांबाचा वास घेतात आणि घराकडे वळतात.

मी उत्तरपत्रिका तपासायला बसलो, की गठ्ठ्यावर हनुवटी टेकून तो झोपी जातो. ज्या उत्तरांनी माझी झोप उडते, त्यांच्यावर त्याला ती इतकी गाढ कशी लागते, हे कोडं मला अद्याप सुटलेलं नाही.

अशा या स्थितप्रज्ञाला आयुष्यात एकाच गोष्टीची धास्ती होती, ती दिवाळीची. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याच्या कानाला सुमारे 45,000 पर्यंतचा. असल्या कानांवर सुतळी बाँब म्हणजे काय होत असेल! नरकचतुर्दशीच्या पहाटे पहिला बार उडाला, की बाळू पलंगाखाली, ट्रंकेच्या मागे. आमची ही न्हाऊन तशीच ओल्या केसांनी फरशीवर बसे आणि हात आत घालून त्याच्या पाठीवरून फिरवीत राही. तो थरथरत असे. हिचा फराळ दुपारी व्हायचा. ‘एक दिवाळी तरी याची सुखाची जाऊ दे रे देवा,’ असं ती दर वर्षी म्हणे.

गेल्या दिवाळीत पहाटे पहिला बाँब फुटला आणि आम्ही सारे सवयीनं धावलो. बाळू उंबरठ्यात, रांगोळीशेजारी, कुशीवर झोपलेला. दुसरा फुटला. मग लांबलचक माळ लागली. त्याच्या शेपटीचं टोकही हललं नाही. मुलांनी टाळ्या पिटल्या. मी म्हणालो, “चला, म्हातारपणी शहाणपण आलं!”

ही काहीच बोलली नाही. आत जाऊन ती चकल्यांचा डबा घेऊन आली. या डब्याचं झाकण वाजलं, की बाळू एके काळी गच्चीवरून धावत येई. हिनं त्याच्या पाठीमागे उभं राहून झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. तो झोपलेलाच. मग तिनं चकलीचा तुकडा त्याच्या नाकाशी धरला. आधी नाक हललं, मग शेपूट हललं, आणि मग सावकाश डोळे उघडले.

मागणं पुरं झालं होतं. ते कसं पुरं करावं, एवढंच आम्ही देवाला सांगायचं विसरलो होतो.

आता त्याला उठवायचं झालं, तर आम्ही जवळच्या फरशीवर हलकेच पाय आपटतो. हादरा त्याला कळतो, त्यामुळे तो दचकत नाही. मुलं ही रीत दोन दिवसांत शिकली. ही मात्र पाय आपटते, आणि शिवाय ‘बाळू’ म्हणून हाकही मारते.

“त्याला ऐकू येत नाही हे ठाऊक असून हाक कशाला?” मी एकदा विचारलं.

“म्हणजे काय?” ती म्हणाली, “हाक न मारता कुणाला जेवायला वाढतात का?”