पाने मोजून काय कळणार?

व्यक्तिशोधाचे टूल विकत घेणाऱ्या एका कार्यालयाचा स्वीकृती-तक्ता काही वाचकांनी संतापून आमच्याकडे पाठवला आहे. ‘डॉक्युमेंटेशन’ या मथळ्याखाली त्यात तीनच रकाने आहेत: दिले आहे काय, पाने किती, शिक्का आहे काय. हे टूल चालवणार आहे एआय एजंट. त्याच्या हाती येते ते टूलचे वर्णन, पॅरामीटर आणि एररचा मजकूर. समोर आलेली नोंद हव्या त्या माणसाची आहे की नाही, हे तो तेवढ्यावरून ठरवतो. तेवढ्या मजकुरावरून ते नीट ठरवता येते काय, हे तपासणारा रकाना तक्त्यात नाही आणि विचारले तर ‘नमुना वरून आला आहे’ एवढेच उत्तर मिळते.

रत्नागिरी जिल्ह्यात ही बेपर्वाई महाग पडेल. येथील सातबारावर सामायिक खातेदारांची रांग असते, अनेक वारस मुंबईत असतात आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवलेले असते. राज्याच्या महाभूलेख या भूमिअभिलेख संकेतस्थळावर पहिले नाव, मधले नाव, आडनाव किंवा संपूर्ण नाव अशा चारही वाटांनी शोध घेता येतो. पुरवठादारांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये मात्र उदाहरण ‘फर्स्ट नेम, लास्ट नेम’चे आणि मधले नाव ऐच्छिक! आपल्याकडे माणूस ओळखायचा तो मधल्या नावावरून. ते वडिलांचे की पतीचे, लग्नाआधीची नोंद कशी शोधायची, यावर एक ओळ नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचेही नाव आले आहे. त्या चार भागांच्या नावाला टूलच्या स्कीमात जागाच नाही. रोमन लिपीत काळे आणि काले एकच होतात. पारकर हिंदूंत आहेत, मुसलमानांतही आहेत. ‘कऱ्हाडकर’मधला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना सारखे दिसणारे नाव टूलला वेगळे वाटू शकते. टूल हे कसे हाताळते, ते लिहिलेले नसेल तर एजंट अंदाज बांधतो.

सर्वांत घातक उणीव रिस्पॉन्सच्या प्रकरणात सापडते. एका नावाची तीन माणसे निघाली तर काय करायचे, हे न सांगता ‘निकाल सुसंगतीच्या क्रमाने मिळतात’ एवढे लिहून लेखक मोकळा होतो. एजंट पहिला निकाल उचलतो. शोध पूर्ण होऊन नोंद न सापडणे आणि सर्व्हरने वेळेत उत्तर न देणे, दोन्हींना तीच रिकामी यादी परत येते. मग अहवालात ‘असा वारस नाही’ असे वाक्य उमटते आणि जिवंत माणूस हिश्शातून गळतो.

याहून बरे नमुने आपल्यासमोर आहेत. बेवारस ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये सुरू केलेले ‘उद्गम’ पोर्टल नुसत्या नावावर उत्तर देत नाही; बँक निवडावी लागते आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र किंवा जन्मतारीख यांपैकी एक द्यावे लागते. 2025 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार मतदारांपुढे दोन तारांकने लावायला सांगितली, पण नाव, लिंग, पत्ता आणि छायाचित्र ताडून पाहण्याचे आणि मतदाराशी संपर्क साधण्याचे काम माणसांवर सोपवले. नाव जुळले म्हणजे माणूस सापडला असे दोन्ही ठिकाणी धरलेले नाही.

कायदाही हेच मागतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 8 नुसार, एखाद्याविषयी निर्णय घेण्यासाठी वापरली जाणारी माहिती पूर्ण, अचूक आणि सुसंगत राखावी लागते. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी 18 महिन्यांची मुदत आहे. ती संपेपर्यंत खरेदी विभाग पानेच मोजत बसणार काय?

दोष डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंचाही आहे. कोडवरून मॉडेलकडून डॉक्युमेंटेशन काढून घ्यायचे, न वाचता जोडायचे आणि बिल लावायचे, हे आता नित्याचे झाले आहे. असे करणाऱ्यांनी कार्यालयांना नावे ठेवू नयेत.

मित्रांनो, तक्ता बदलण्याची वाट पाहू नका. कल्पित नावांचा संच स्वतः तयार करा. खऱ्या माणसांची माहिती चाचणीत अजिबात घेऊ नका. त्या संचात सारख्या नावाचे चुलतभाऊ, माहेरचे आणि सासरचे नाव, ‘उर्फ’, ‘कै.’, दोन लिप्या आणि मुद्दाम बंद ठेवलेला सर्व्हर हे सगळे असू द्या. एजंटला फक्त डॉक्युमेंटेशन द्या. तो कुठे शोधतो, कुठे थांबतो आणि कुठे माणसाला विचारतो, याची नोंद ठेवा. ते संच आमच्याकडे पाठवा. आम्ही ते छापू, म्हणजे जिल्ह्यातल्या प्रत्येक स्वीकृती-चाचणीत कोणालाही वापरता येतील. आणि अनेक निकालांतून एजंटने न विचारता एक निवडला, तर त्या टूलच्या स्वीकृतीवर सही करू नका, मग वरून कितीही घाई असो.