दावे, कासरा आणि विचारून बांधलेली गाठ

मराठीला बांधण्याच्या शब्दांची टंचाई कधीच नव्हती. मुलगी कुणाच्या तरी गळ्यात बांधतात, ती सासरच्या दावणीला बांधली जाते, तिने मान वर केली तर तिला वेसण घालतात. आणि या साऱ्याचा आरंभ ज्या विधीने होतो त्याला आपण कौतुकाने लग्नगाठ म्हणतो. यांतल्या एकाही प्रयोगात बांधल्या जाणाऱ्या व्यक्तीला कोणी काही विचारलेले नाही, आणि त्याचे कोणाला काही वाटतही नाही. मात्र दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना विचारून, सुखासाठी, ठरल्या वेळेपुरता हाताला दोर बांधला, की आपल्या समीक्षेजवळ एकच शब्द उरतो : विकृती. न विचारता बांधणे ही संस्कृती आणि विचारून बांधणे ही विकृती, हा हिशेब साहित्याच्या वर्गात तरी तपासला गेला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : हे पाश्चात्त्य खूळ आहे, महानगरी आहे, आपल्या मातीतले नाही. मग माती वाशीम जिल्ह्याचीच घेऊ. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. 'हरिविजय' हे प्राकृत काव्य रचणारा सर्वसेन इथलाच राजा. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह याच नगरात लावला आणि नगराचे वर्णन मदनाचे क्रीडास्थान असे केले. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'त विदर्भ आणि वत्सगुल्म या दोहोंच्या अंतःपुरांतील चाली नोंदवलेल्या आहेत. त्याच ग्रंथात प्रहारांवरचे एक प्रकरण आहे. त्यात दाक्षिणात्यांच्या म्हणून जे प्रहार दिले आहेत त्यांची नावे पाहा : कीला, कर्तरी, विद्धा, संदंशिका. म्हणजे पाचर, कातर, टोचा आणि सांडशी. टीकाकार यांना हाताच्या मुद्रा मानतात. नावे मात्र कारागिराच्या हत्यारांची आहेत. आणि वात्स्यायन पुढे काय करतो? तो इशारा देतो. कुंतल शातकर्णी सातवाहनाच्या कर्तरीने राणी मलयवती मेली, चोल राजाच्या कीलेने चित्रसेना मेली, नरदेवाच्या चुकलेल्या विद्धेने एका नर्तकीचा डोळा गेला, ही उदाहरणे देऊन तो हे प्रकार निषिद्ध ठरवतो. आवेगात माणसाला भान उरत नाही, म्हणून जोडीदाराचे बळ आणि नाजूकपणा आधी ओळखावा, असे त्याचे सांगणे आहे. विषयाचे नाव घेण्याचे धैर्य असल्यामुळेच त्याला धोका सांगता आला. आपण विषय टाळतो, त्यामुळे धोकाही सांगत नाही.

दुसरा आक्षेप वर्गाचा : हे पैसेवाल्यांचे चोचले. बाजाराकडे पाहिले तर तसे वाटते खरे. कातडी पट्टे आणि मखमली बेड्या काही हजारांना विकल्या जातात. पण कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावातला हार्डवेअरवाला किंवा कृषी सेवा केंद्रवाला जे विकतो त्यात या वस्तूंचे सारे मूळ साहित्य असते : सुती दोर, कासरा, दावे, म्होरकी, पट्टा, बक्कल, कडी. पोळ्याच्या आधी तर दुकानांपुढे त्यांचे घोसच्या घोस लटकतात. थोडक्या पैशांत काम भागते, आणि ते करणारी माणसे गावातही असणारच; इच्छा काही पिनकोड पाहून येत नाही. त्यांना मिळत नाही ते ज्ञान, आणि ते मराठीत तर नाहीच.

म्हणून इथे ते सरळ लिहितो. नायलॉनचा दोर स्वस्त असतो, पण त्याची गाठ सरकते आणि ओढला की कातडी भाजते. सुतळी बारीक असल्याने रुतते, काथ्या खरचटतो. सहा ते आठ मिलिमीटर जाडीचा सुती दोर बरा. तो कीटकनाशकांच्या डब्यांशेजारी पडलेला असू शकतो, तेव्हा आधी गरम पाण्यात धुवून वाळवावा. एकच वेढा न देता शेजारी शेजारी चार वेढे द्यावेत, म्हणजे दाब पसरतो. दोर आणि कातडी यांमध्ये दोन बोटे सहज जावीत. तार आणि प्लॅस्टिकचे केबल टाय कधीही वापरू नयेत. गळ्याभोवती काहीही बांधू नये. पंख्याच्या हुकाला किंवा आढ्याला माणूस टांगू नये. मुंग्या आल्या, बोटे गार पडली, की लगेच सोडावे. औषधाच्या दुकानात मिळणारी बोथट टोकाची कात्री हाताशी असावी. बांधलेल्या माणसाला एकटे सोडू नये आणि दारू पिऊन यातले काहीच करू नये. यात अश्लील काय आहे, ते मला कोणीतरी दाखवावे.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो स्त्रीवादी वाचकांकडून येतो. ज्या समाजात बाईचे 'नाही' कोणी ऐकत नाही, तिथे तिच्या 'हो'चा अर्थ काय लावायचा? याचे उत्तर शोधायला आपल्याकडे उत्तम पाठ्य आहे : 'सखाराम बाइंडर'. 1972 मध्ये सेन्सॉर आणि न्यायालय यांच्यात हे नाटक सापडले, आणि तेव्हापासून ते अश्लील की श्लील यातच आपली बरीचशी शक्ती खर्ची पडली. खरा प्रश्न करारनाम्याचा होता. सखाराम अटी आधीच सांगतो, कोणालाही केव्हाही निघून जायची मोकळीक देतो. कागदावर ही संमतीच आहे. पण लक्ष्मीला दार उघडे असून जायला जागा नाही, आणि चंपाला त्याच्या अंथरुणात जाण्यासाठी दारू लागते. जिला नकार परवडत नाही तिचा होकार हा होकार नव्हे, हे तेंडुलकरांनी रंगमंचावर दाखवले. त्याचा पट्टा आणि संमतीने बांधलेला दोर यांत फरक आहे तो इथे. दोराच्या खेळात एक शब्द आधी ठरवलेला असतो. तो उच्चारला की गाठ सुटते, कारण विचारले जात नाही. हा शब्द सखारामच्या घरात नाही. तो आपल्या बहुसंख्य लग्नांतही नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्येही, अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला बळजबरीचा संभोग बलात्काराच्या व्याख्येबाहेरच ठेवला आहे. तेव्हा संमतीची चिंता जरूर करावी, पण ती दोरापासून सुरू करून दोरापाशीच संपवू नये.

र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 'समाजस्वास्थ्य' चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर 1934 मध्ये खटला चालला, आणि डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला हरला, दंड झाला. आज कर्व्यांवर परिसंवाद होतात, प्रबंध लिहिले जातात. त्यांच्या पद्धतीने एखाद्या प्रश्नाला उत्तर देणारे पान मात्र शोधावे लागते. आपण कर्व्यांचा पुतळा केला आणि त्यांचे काम बंद ठेवले.

अध्यापकांकडे मागणे मोठे नाही. वर्गात 'विकृती' हा शब्द येईल तेव्हा विद्यार्थ्याला विचारावे : इथे कोणी कोणाला विचारले होते का, आणि 'नाही' म्हटल्यावर गाठ सुटली असती का? हे दोन प्रश्न घेऊन 'सखाराम' वाचावा, 'गाथासप्तशती' वाचावी, आणि मग लग्नाच्या ओव्याही वाचाव्यात. विकृती कुठे आहे ते विद्यार्थी आपले आपण शोधतील, आणि ती नेहमी दोरापाशीच सापडेल असे नाही.